एकटे पडलेल्या माणसाला मदत कशी करावी: इंदूरच्या मराठी घरांसाठी

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा राजेंद्र नगरात अशी कितीतरी घरे आहेत, जी सहा-सात माणसांसाठी बांधली गेली आणि ज्यांत आज एक किंवा दोनच माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा थेट परदेशी गेलेली असतात आणि वरच्या मजल्याला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, झाडू लागतो. शहराच्या दुसऱ्या अंगाला भंवरकुआंच्या कोचिंग वर्गांभोवतीच्या खोल्या आणि विजयनगरमधले भाड्याचे फ्लॅट आहेत, जेथे देवास, धार, खंडवा, बऱ्हाणपूरकडील मराठी घरांतली मुले प्रथमच घराबाहेर राहत असतात. या दोन्ही ठिकाणी कोणी खचलेले दिसले की सल्ला मात्र एकच दिला जातो: चार माणसांत मिसळावे, म्हणजे बरे वाटेल. काहींच्या बाबतीत हा सल्ला अगदी योग्य असतो आणि काहींच्या बाबतीत त्याने निष्कारण महिने वाया जातात, कारण एकटेपण आणि नैराश्य या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत. नुसत्या एकट्या पडलेल्या माणसाची संध्याकाळ गोळीने भरून निघत नाही, आणि नैराश्याने आजारी असलेल्या माणसाचा आजार त्याला नाटकाला नेल्याने जात नाही. म्हणून मदतीला निघण्यापूर्वी समोरच्या माणसाचे नेमके काय झाले आहे, हे पाहावे.

आधी ओळखावे

माणसाला जेवढी आणि जशी नाती हवीशी वाटतात आणि प्रत्यक्षात जेवढी मिळतात, त्यांतील अंतर त्याला सलू लागते, तेव्हा तो एकटा पडलेला असतो. त्यामुळे एकटे राहणे आणि एकटे पडणे यांचा थेट संबंध नसतो. निवृत्तीनंतर एकट्याने राहणारे, पहाटे फिरायला जाणारे आणि संध्याकाळी मित्रांशी वाद घालणारे एखादे काका मजेत असतात, आणि भरल्या घरातली आजी एकटी असते. इंदुरात याला एक खास कारण आहे. सून हिंदी बोलणाऱ्या घरातून आलेली असते, नातवंडे शाळेमुळे हिंदी-इंग्रजीतच बोलतात, कोणीही आजीशी वाईट वागत नाही, तरी दिवसभरात तिच्याशी तिच्या भाषेत चार वाक्ये बोलणारे घरात कोणी उरलेले नसते. अशा आजीला औषधाची नव्हे, बोलणाऱ्याची गरज असते.

हे तपासण्यासाठी संशोधक तीन साधे प्रश्न वापरतात, ते घरीही विचारता येतात: आपल्याला सोबत नाही असे किती वेळा वाटते, आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते, आणि आपण सर्वांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते. ‘क्वचितच’ला १, ‘अधूनमधून’ला २ आणि ‘बरेचदा’ला ३ गुण दिल्यास एकूण ३ ते ९ येतात, जितके अधिक, तितके एकटेपण अधिक. प्रश्नपत्रिकेसारखे ओळीने विचारू नयेत. चहाच्या निमित्ताने, बोलण्याच्या ओघात विचारावेत. आणि हे केवळ वृद्धांना विचारायचे प्रश्न आहेत असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी दिलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एक व्यक्ती एकटेपणाने ग्रासलेली आहे आणि त्यात किशोर व तरुण यांचे प्रमाण मोठे आहे.

नैराश्य हा आजार आहे. उदास मन किंवा कशातही रस न वाटणे, या दोहोंपैकी किमान एक लक्षण दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकलेले असते. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक कमी किंवा जास्त होणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे, यांपैकी काही लक्षणे असतात. या नऊ लक्षणांपैकी पाच किंवा अधिक असतील आणि त्यांमुळे रोजचे व्यवहार अडत असतील, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली याच नऊ लक्षणांवर बेतलेली असून तिचे गुण ० ते २७ असतात; १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास डॉक्टरांना भेटावे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याविषयी लगेच बोलावे.

आपल्याकडची माणसे ही लक्षणे पुस्तकातल्या शब्दांत सांगत नाहीत. ‘मी उदास आहे’ असे म्हणणारी काकू विरळाच. ती म्हणते की छातीत धडधडते, घाबरल्यासारखे होते, अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही, कशात जीव रमत नाही. पुरुष तेही सांगत नाहीत. ते चिडचिडे होतात, एकेकाचे पिणे वाढते. वयस्कर माणसात नैराश्य कधी विसरभोळेपणाचे रूप घेऊन येते आणि घरचे त्याला वयाचा परिणाम मानून मोकळे होतात. रोज पहाटे तीन-चारला जाग येणे, पुन्हा झोप न लागणे आणि सकाळच सर्वांत जड जाणे, ही खूण विशेष लक्षात ठेवावी.

एक ढोबळ कसोटी अशी सांगता येते: आवडते माणूस घरी आल्यावर एकटी पडलेली व्यक्ती खुलते, तर नैराश्यातल्या व्यक्तीला तेही पेलत नाही, ती पाहुण्यांसमोर कशीबशी बसते आणि ते उठण्याची वाट पाहते. मात्र या कसोटीवर पूर्ण विसंबू नये. नैराश्याचे काही रुग्ण तासाभरापुरते हसतात-बोलतात आणि पाहुण्यांची पाठ वळताच पुन्हा कोसळतात. तासाभराच्या हसण्यापेक्षा आंघोळ, जेवण, झोप आणि कामे यांचे गेल्या महिन्याभरात काय झाले, याला अधिक महत्त्व द्यावे. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे दुःख हे तर वेगळेच प्रकरण आहे. ते लाटांसारखे येते, मधल्या वेळात माणूस गेलेल्याच्या आठवणी सांगतो, हसतोही. त्याला घाईने आजार ठरवू नये. परंतु ‘मीच कारणीभूत’, ‘माझे जगणे व्यर्थ’ असा सूर लागून तो सुटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास वर्षश्राद्धाची वाट पाहू नये.

एकटेपणावर काय करावे

एकट्या माणसाचे मन रमवणे हा उपाय नव्हे. इंदुरात मन रमवण्याच्या जागांना तोटा नाही. ‘सानंद’ या संस्थेची नाटके होतात, महाराष्ट्र साहित्य सभेचे कार्यक्रम होतात, गणेशोत्सव तर गल्लोगल्ली असतो. तरीही नाटकाला एकट्याने जाऊन, अंधारात अडीच तास बसून, एकट्यानेच परत आलेल्या बाईंचे एकटेपण तेवढेच राहते. त्याच नाटकाला शेजारच्या काकूंबरोबर एका रिक्षाने जाणे, मध्यंतरात चहा घेणे आणि परतताना नटाच्या अभिनयावर मतभेद होणे, यातून सोबत घडते. म्हणून भेट ठरलेल्या दिवशी, त्याच त्या माणसांशी आणि शक्यतो काही जबाबदारीसह असावी. एखाद्या मोठ्या समारंभापेक्षा दर मंगळवारचे भजन किंवा दर महिन्याची भिशी अधिक उपयोगी पडते, कारण तेथे आपण न गेल्यास कोणाच्या तरी लक्षात येते. भिशीचा हिशेब ठेवणे, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडणे, शेजारच्या मुलाचे मराठी पाढे घेणे, असे एखादे काम हाती आले की माणूस पाहुणा राहत नाही.

बोलावण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘कधीतरी या आमच्याकडे’ हे निमंत्रण नव्हे, आणि एकटे पडलेल्या माणसाला ते बरोबर कळते. ‘काकू, मंगळवारी पाच वाजता मी तुम्हाला घ्यायला येते, साडेसहाला परत आणून सोडते’ असे म्हणावे. दिवस, वेळ, नेणारे माणूस आणि परतीची हमी, चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. पहिल्यांदा नकार येईल, असे गृहीत धरूनच जावे. दीर्घकाळ एकटे राहिलेल्या माणसाला आपण नकोसे आहोत अशी शंका येऊ लागते आणि तो नाकारला जाण्याआधी स्वतःच नाकारतो. आठवड्याने, मनाला लावून न घेता, पुन्हा विचारावे.

नकारामागे अनेकदा मन नसून शरीर असते, आणि ते विचारण्याचा संकोच आपल्याला फार असतो. ऐकू कमी येत असल्यास चारचौघांत प्रत्येक वाक्य दोनदा विचारण्यापेक्षा माणूस घरी बसणे पसंत करतो. प्रोस्टेटच्या त्रासामुळे वारंवार लघवीला जावे लागणारे गृहस्थ जेथे स्वच्छतागृह जवळ नाही तेथे येत नाहीत, आणि कारण मात्र ‘कंटाळा’ असे सांगतात. मोतीबिंदूमुळे संध्याकाळनंतर दिसत नाही, गुडघ्यामुळे सभागृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत. कानाची तपासणी, श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा नुसती कार्यक्रमाची जागा तळमजल्यावर घेणे, यांनी जे साधते ते दहा उपदेशांनी साधत नाही.

काही वेळा तर एकटेपण आपणच निर्माण केलेले असते. नवरा गेल्यावर बाईला चैत्रगौरीच्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणे थांबवायचे, म्हणजे तिच्या वयाच्या बायका ज्या दोन प्रसंगी हमखास एकत्र येतात, त्यांतून तिला नेमक्या त्याच वर्षी काढून टाकायचे. या प्रथेचे समर्थन मला तरी कोणत्याही अंगाने करता येत नाही. ज्या घरी हळदीकुंकू असेल त्या घरच्या गृहिणीने स्वतः जाऊन तिला आमंत्रण द्यावे, आणि ती यायला कचरत असेल तर आपल्या शेजारी बसवावे.

दूर असलेल्या मुलांसाठी: रविवारच्या लांबलचक व्हिडिओ कॉलपेक्षा रोज ठरलेल्या वेळी केलेला पाच मिनिटांचा फोन बरा. त्यात ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ एवढेच विचारू नये, काही मागावे. ‘आई, कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घेतेस?’, ‘बाबा, या करारातले हे कलम मला समजावून सांगा’ असे म्हटल्याने आईबाबांची पालकाची भूमिका चालू राहते. सकाळी पाठवलेला फुलांच्या चित्राचा सुप्रभात-संदेश यात धरू नये.

भंवरकुआंला राहणाऱ्या मुलांनी दिवसातले एक जेवण तरी कोणाबरोबर करावे, मोबाइलबरोबर नव्हे. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अशा मुलाला खोलीवर एकटे ठेवू नये. शहरात नात्यातले कोणी असेल तर त्यांनी निकाल न विचारता जेवायला बोलवावे.

नैराश्यावर काय करावे

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. म्हणजे आजार ओळखल्यावरही डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचणे हेच मुख्य काम आहे. पहिली पायरी म्हणून घरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, कारण थायरॉइड मंदावणे, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे आणि शाकाहारी घरांत आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही तसाच थकवा आणि उदासी येते. साध्या रक्ततपासणीत हे कळते. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी.

त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषध लिहितात; चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी पाहून जाण्यापेक्षा ही नोंदणी विचारावी. विचारण्यात काही गैर नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर एम. वाय. रुग्णालय आहे आणि बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचे नाव इंदुरात थट्टेत घेतले जाते, आणि त्या थट्टेपायी अनेक कुटुंबे तेथे बाह्यरुग्ण विभागात साधी चिठ्ठी काढायलाही धजत नाहीत. घरातून पाऊल उचलवत नसेल तर फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकापासून सुरुवात करावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

औषधांविषयी सर्वांत मोठा घोटाळा झोपेच्या गोळ्यांमुळे होतो. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून लोक नैराश्यावरच्या गोळ्यांनाही तसेच समजतात. नैराश्यावरच्या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ, आणि मळमळ किंवा पोट बिघडणे असे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. बहुतेक जण नेमके येथेच औषध सोडतात. घरच्यांनी हा काळ निभावून न्यावा. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. वृद्धांमध्ये या औषधांनी रक्तातील सोडियम घटू शकते, तेव्हा नव्याने गोंधळल्यासारखे होणे किंवा तोल जाणे दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. पंचविशीच्या आतील रुग्णावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवावे, कारण त्या काळात मरणाचे विचार वाढू शकतात.

नवस, ग्रहशांती, पारायण यांनी घरातल्यांना धीर येत असेल तर ती करावीत. त्यांच्यासाठी गोळी आणि डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नये, एवढेच.

औषधाच्या जोडीने घरी करण्यासारखे आणि सिद्ध झालेले एक काम आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करविल्या, आणि त्यांना लाभ झाल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीचे सूत्र असे की इच्छा होण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करायची, इच्छा मागाहून येते. नैराश्यात माणूस कामे सोडतो, कामे सुटल्याने समाधान देणारे काही उरत नाही, आणि मन अधिक खाली जाते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येते. त्यासाठी दिवसाची दोन किंवा तीनच कामे कागदावर लिहावीत: आठच्या आत आंघोळ, दहा मिनिटे अंगणात, बहिणीला एक फोन. काम इतके लहान असावे की वाईट दिवशीही होईल. मेघदूत उद्यानाला फेरी मारणे हे पहिल्या आठवड्याचे काम नव्हे, ते चौथ्या-पाचव्या आठवड्याचे. झालेल्या कामापुढे खूण करावी आणि न झालेल्याविषयी चकार शब्द काढू नये.

‘तुला कशाची कमी आहे?’, ‘मन घट्ट कर’, ‘आमच्या वेळी नव्हते असले आजार’ ही वाक्ये टाळावीत. अपराधीपणा हे मुळातच या आजाराचे लक्षण आहे आणि या वाक्यांनी त्यात भर पडते. ‘दादा, तुम्ही आजारी आहात, हे बरे होते, डॉक्टरांकडे मी सोबत येतो’ एवढे पुरे. बोलणे सुचत नसेल तर जवळ बसून शेंगा सोलाव्यात.

मरणाचा विषय निघाल्यास

‘आता देवाने न्यावे’ असे आपल्याकडची वृद्ध माणसे सहज म्हणतात, आणि प्रत्येक वेळी त्यात धोका नसतो. परंतु सूर बदललेला वाटला, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे सुरू झाले किंवा खूप तगमगीनंतर माणूस अचानक शांत झाला, तर सरळ विचारावे: ‘जीव संपवावा असे मनात येते का?’ विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट मोकळे झाल्याने भार हलका होतो. उत्तर ‘हो’ आल्यास त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि विषारी द्रव्ये कुलपात ठेवावीत, १४४१६ वर बोलावे, आणि धोका तातडीचा वाटल्यास ११२ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय ठेवणे बंधनकारक केले आहे. पॉलिसीची कागदपत्रे एकदा त्या दृष्टीने वाचून पाहावीत.

सांभाळणाऱ्यासाठी थोडे

हे सर्व घरातल्या एकाच व्यक्तीवर, आणि बहुधा सुनेवर किंवा लग्न न झालेल्या मुलीवर, पडते. आठवड्यातून एक संध्याकाळ तिची स्वतःची असावी आणि त्या वेळी बसायला दुसरे कोणी यावे, हे सुरुवातीलाच ठरवावे. ती थकून गेल्यावर ठरवायचे म्हटले तर जमत नाही. परदेशातील भावाला पैसे पाठवण्याखेरीजही काम देता येते: डॉक्टरांच्या तारखा लक्षात ठेवणे, औषधे घरपोच मागवणे, आणि रुग्णाची संमती असल्यास डॉक्टरांशी फोनवर बोलणे. घरात एक फाइल ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख लिहावी, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ‘गुणच नाही’ म्हणून कोणी चिठ्ठी बदलायला निघाले, तर अजून किती दिवस थांबायचे ते त्या पानावरून सांगता येते.